पेन्शनर शिपायाच्या वाटेवर: महाड ते दाभोळ, चार दिवस

एकोणिसाव्या शतकातल्या कोकणी शिपायाचा माग काढायला निघालेले बहुतेक जण आधी त्याची पलटण शोधतात, आणि तिथेच अडकतात. पलटणींच्या इतिहासात साहेबांची नावं पानोपानी सापडतात, सुभेदार-जमादार अधूनमधून भेटतात, आणि साधा शिपाई मेलेल्या-जखमींच्या आकड्यात जातो. त्याचं नाव टिकलं ते गावदप्तरात, सासुरवाडीत आणि पोरांच्या शाळेच्या रजिस्टरात. म्हणून ही वाट गावापासून सुरू होते, छावणीतून जाते आणि बंदरावर संपते.

मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातून मराठे गेले, मुसलमान गेले, महार गेले. या चार दिवसांत मागोवा घ्यायचा तो महार पेन्शनरांचा. कारण त्यांच्यातल्या दोन घरांची माहिती पक्की मिळते: रावढळचे गोपाळबाबा वलंगकर आणि आंबडव्याचे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील. ही दोन घरं समजली की ज्यांचं नाव कुठे छापून आलं नाही अशा शेकडो घरांचा नकाशा हाती लागतो.

निघायचं ते सोमवारी. सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी असते, आणि शुक्रवारी दुपारी रेकॉर्ड रूममधून जुनं बाड बाहेर निघणं कठीण. सोबत एक छोटी टॉर्च, भिंग, बटर पेपर, मऊ पेन्सिल आणि सुती फडकं घ्यावं. वंशावळ कागदावर लिहून न्यावी, मोबाइलमध्ये नको. म्हाताऱ्या माणसाच्या हातात कागद दिला की तो बोट ठेवून चुका दाखवतो. मोबाइल दिला की नुसता बघून परत करतो.

पहिला दिवस, सोमवार: महाड, रावढळ, आंबडवे

महाडात चवदार तळ्यावर सकाळचा अर्धा तास पुरे. २० मार्च १९२७ ला इथे काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीची तीस-चाळीस वर्षं कमी माहीत आहेत, आणि आपलं काम तिथे आहे. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर एका महार पेन्शनरची नेमणूक झाली होती आणि त्यावरून बोर्डात गहजब झाला होता. तो माणूस म्हणजे गोपाळबाबा.

महाडहून राजेवाडी फाट्याला वळून सावित्रीच्या दक्षिण काठाने म्हाप्रळकडे निघावं. मुंबईहून थेट येणारे रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावमार्गे आंबेतच्या पुलावरून म्हाप्रळला उतरतात. तो पूल याआधी दुरुस्तीसाठी बंद राहिलेला आहे, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करावी. महाडवरून आलं की पुलाचा प्रश्नच येत नाही आणि रावढळही वाटेत होतं.

रावढळ हे गोपाळबाबांचं गाव. १८८६ मध्ये ते फौजेतून निवृत्त झाले, पण बिऱ्हाड केलं दापोलीच्या छावणीत. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं, ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ उभी केली, आणि १९०० मध्ये ते गेले. पेन्शनर गावी का परतत नव्हते, हे कोडं इथे उभं राहून सुटतं. गावात परतलेला हवालदार गावाच्या लेखी पुन्हा वतनदार महारच. वेसकरपाळी म्हणजे वेशीची राखण, टपाल पोचवणं, मेलेली ढोरं ओढणं, ही कामं पलटणीतल्या हुद्द्याने चुकत नव्हती. छावणीत मात्र तो पेन्शनर म्हणून राहू शकत होता. गावातलं घर भावाकडे आणि आपण दापोलीला, अशी विभागणी पुष्कळ घरांत दिसते. शोधणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: जमिनीच्या कागदात त्या शिपायाच्या भावाचं नाव सापडेल, त्याचं स्वतःचं बहुधा नाही. आपला माणूस नाहीच म्हणून पान उलटू नये. भावाचं नाव धरून पुढे जावं.

म्हाप्रळहून शेनाळ्याचा घाट चढून दुपारी आंबडवं गाठावं. सकपाळांच्या घराच्या जागी आता स्मारक आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या आसपास गर्दी असते, एरवी गाव शांत. मालोजी सकपाळ फौजेत होते, मुलगा रामजीही फौजेत गेला. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून मास्तर झाले, पुढे लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. त्यांचं लग्न झालं ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकरांच्या भीमाबाईशी, आणि मुरबाडकरही सुभेदार. हा धागा घट्ट धरून ठेवावा. फौजेतल्या घराची सोयरीक फौजेतल्याच घराशी होत असे, जिल्हा वेगळा असला तरी. शिपायाची पलटण कळत नसेल तर त्याच्या सासऱ्याची आणि साडूची विचारावी. पुष्कळदा उत्तर तिथे मिळतं.

या दांपत्याला चौदा मुलं झाली. जगली पाच: बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. वंशावळ काढताना लोक जगलेल्यांचीच नावं सांगतात. दोन भावंडांच्या वयात सहा-सात वर्षांचं अंतर दिसलं तर मध्ये गेलेली मुलं विचारावीत. हळू आवाजात आणि घरातल्या बाईला. पुरुषांना ती आठवत नाहीत.

दुसरा दिवस, मंगळवार: मंडणगड, तहसील कचेरी

आजचा दिवस कागदांचा. अर्ज करण्याआधी गावाचा तालुका पक्का करावा, कारण सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. एकोणिसाव्या शतकात मंडणगड हा स्वतंत्र तालुका नव्हता, दापोलीचा पेटा, म्हणजे पोटविभाग होता. आणि दापोली तालुक्याला त्याआधी सुवर्णदुर्ग तालुका म्हणत. त्यामुळे फौजेच्या कागदात आंबडव्याकडच्या माणसाचा तालुका ‘सुवर्णदुर्ग’ किंवा ‘दापोली’ असा निघू शकतो, आणि मंडणगड नाव शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

मागायच्या गोष्टी चार. पहिली गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. दुसरी जुने फेरफार, म्हणजे नमुना ६. तिसरी, गाव खोती, म्हणजे खोताच्या ताब्यातलं असेल तर बोटखत, म्हणजे खोती गावातल्या जमिनींची नोंदवही. रत्नागिरी जिल्ह्यात खोती १९४९ च्या कायद्याने संपली, पण कोण कुठली जमीन कसत होता हे बोटखतात सापडतं. चौथी गोष्ट महार वतनाच्या जमिनीची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतनं रद्द झाली आणि जमिनी पुन्हा दिल्या गेल्या. आजच्या सातबारावर भोगवटादार वर्ग २ दिसलं, की त्याखालचा फेरफार क्रमांक घेऊन एकेक पायरी मागे जायचं. प्रत्येक फेरफारात आधीच्या मयताचं नाव आणि वारसांची यादी असते. चार-पाच फेरफारांत माणूस एकोणिसाव्या शतकाच्या काठावर पोचतो.

अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि गावाचं नाव, सर्व्हे नंबर, अंदाजे सालं स्वच्छ लिहावीत. ‘आजोबांचे सर्व कागद’ असा अर्ज केला तर हाती काही लागत नाही, कारण रेकॉर्ड कीपर बाड काढतो ते गाव आणि सालावरून, माणसाच्या नावावरून नव्हे. जुनी नोंद बहुधा मोडीत असते. मोडी वाचणारा मंडणगडात मिळेलच असं नाही. तेव्हा नक्कल घेऊन पुढे जावं आणि वाचन मागाहून करून घ्यावं. पानाचा फोटो काढू दिला तर डावीकडचा समास आणि वरचं शीर्षकही फोटोत आलं पाहिजे. नुसती नावाची ओळ टिपून आणली, की ती कुठल्या गावची आणि कुठल्या सालची हे सांगायला पुरावा राहत नाही.

आता नावाचं. त्या काळात आडनाव कागदावर क्वचित येई. ‘अमुकनाक बिन तमुकनाक’ असं नाव असे. भीमा कोरेगावला १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर अशीच ‘नाक’ची नावं ओळीने कोरलेली आहेत. पुढच्या पिढ्यांनी ‘नाक’ टाकून दिला: रामनाकचा रामा झाला, रामाचा रामजी. घरात सांगतात ते नाव आणि कागदातलं नाव यांत एवढा फरक धरूनच शोधायला बसावं. इंग्रजी कारकुनांनी कानाला लागेल तसं लिहिलं, त्यामुळे एकच माणूस दोन कागदांत दोन स्पेलिंगांनी भेटतो.

आडनावाचाही असाच खेळ. रामजी सकपाळांच्या मुलाचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, रजिस्टर क्रमांक १९१४ वर ‘भिवा रामजी आंबेडकर’ असं चढलं. बाप सकपाळ, मुलगा आंबेडकर, आणि दुवा गावाच्या नावाचा. गावावरून आडनाव लावण्याची पद्धत कोकणात पूर्वापार आहे. वंशावळ अचानक तुटली तर आडनावाऐवजी गावाचं नाव लावून पाहावं.

संध्याकाळी वाडीत बसायचं. हल्ली घरं बंद असतात, माणसं मुंबईला. शिमगा, मे महिना, गणपती आणि बौद्धवाड्यांत १४ एप्रिल, या दिवसांत म्हातारी माणसं गावी भेटतात. कागदांसाठी हिवाळा चांगला आणि माणसांसाठी हे सण. दोन्ही एका फेरीत साधत नाही. दोन फेऱ्या धराव्यात.

कुणी मेडल दाखवलं तर काम सावकाश करावं. एकोणिसाव्या शतकातली बहुतेक युद्धपदकं चांदीची, सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाची, एका बाजूला राणी व्हिक्टोरिया. शिपायाचं नाव, क्रमांक आणि पलटण असते ती कडेवर, म्हणजे जाडीत. अफगाणिस्तानच्या पदकावर मागे कूच करणारी फौज आणि तोफ वाहणारा हत्ती दिसतो, खाली १८७८-७९-८०, आणि फीत हिरवी, कडांना किरमिजी. ॲबिसिनियाचं, म्हणजे १८६७-६८ च्या मोहिमेचं पदक लहान असतं. राणीभोवती नऊ टोकांची चांदणी आणि टोकांच्या मध्ये एकेक अक्षर. त्यावरचं नाव कडेला नसून मागच्या बाजूला मध्यभागी असतं. ब्रह्मदेशच्या १८८५-८७ च्या मोहिमेत लढणाऱ्यांना चांदीचं आणि सोबतच्या नोकरचाकरांना काशाचं पदक मिळालं. काशाचं आहे म्हणून कुणी खोटं ठरवू नये.

काळं पडलेलं मेडल चिंच, राख किंवा पॉलिशने घासायचं नाही. कडेवरची अक्षरं उथळ असतात आणि दोन-तीन वेळच्या घासण्यातच पुसट होतात. ती वाचायची रीत अशी: खोलीत अंधार करावा, मेडल फडक्यात धरावं, टॉर्च कडेला जवळजवळ आडवी लावावी आणि मेडल हळूहळू फिरवावं. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि घासून गेलेलंही अक्षर उठून दिसतं. मग बटर पेपरची बोटभर रुंद पट्टी कडेभोवती गुंडाळून मऊ पेन्सिलने घासावी. नाव पट्टीवर उतरतं. हमखास अडतं ते वर, कडीच्या जागी. फीत अडकवायची धातूची मूळ पट्टी तुटल्यावर सोनाराकडून कडी डाग लावून घेतलेली असते, गळ्यात घालायला. तो डाग नेमका शिपायाच्या क्रमांकावर किंवा नावाच्या पहिल्या अक्षरावर बसतो. तो खरवडायचा नाही. उरलेल्या अक्षरांवरून काम चालतं.

पलटणीचा क्रमांक वाचताना एक हिशेब ध्यानात ठेवावा. १९०३ मध्ये सगळ्या हिंदुस्थानी पलटणींना नवे क्रमांक मिळाले आणि मुंबईच्या बहुतेक पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात १०० मिळवले गेले. जुनी एकविसावी ती १२१ झाली. ही एकविसावी म्हणजे मरीन बटालियन, जहाजांवर नोकरी करणारी. कोकणच्या माणसाच्या कागदात हा क्रमांक दिसला तर नवल नाही. घरात ‘आजोबा एकशेअमुक पलटणीत होते’ असं सांगत असतील आणि आजोबा १९०३ आधीच पेन्शनवर आलेले असतील, तर शंभर वजा करून शोधावं.

बौद्ध घरांत आणखी एक गोष्ट विचारावी. १९५६ च्या धर्मांतरानंतर देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवांच्या धातूच्या प्रतिमा, विसर्जित केले गेले. मेडल टाकांसोबत ठेवलं होतं का, आणि त्या वेळी त्याचं काय झालं? प्रश्न नाजूक आहे. आधी चहा घ्यावा, मग विचारावा.

तिसरा दिवस, बुधवार: दापोली छावणी आणि वणंद

मंडणगड ते दापोली साधारण चाळीस किलोमीटर. सकाळी आठला निघालं की दहाच्या आत पोचतो.

दापोलीला जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. १८१८ नंतर ईस्ट इंडिया कंपनीने दक्षिण कोकणाची छावणी इथे बसवली. उंचावरची सपाट जागा, गार हवा आणि समुद्र जवळ. साधारण १८४० मध्ये नियमित फौज हलली, त्यानंतर १८५७ पर्यंत व्हेटरन बटालियन, म्हणजे उतारवयाच्या शिपायांची पलटण, इथे होती. फौज गेली तरी पेन्शनर राहिले. जुन्या इंग्रज दफनभूमीत साहेबांचे आणि त्यांच्या बायकामुलांचे दगड आहेत. हिंदी शिपायाचं नाव तिथे शोधू नये, ते नाही.

शिपायाची खूण शाळेत आहे. साध्या शिपायाचा पगार १८९५ पर्यंत महिना ७ रुपये होता, त्या वर्षी तो ९ झाला. पगार तुटपुंजा, पण फौजेत लिहिणं-वाचणं शिकायला मिळे आणि कंपनीच्या काळात शिपायांच्या मुलामुलींनाही ते सक्तीचं होतं. म्हणून छावणीतल्या घरांत वाचता येणाऱ्या बायका होत्या, ज्या काळात गावच्या खोताच्या घरातही त्या विरळा. असा बाप पेन्शनवर आला की पोराला शाळेत घालायला जायचाच, आणि गावची शाळा त्याला पायरीवर अडवायची. दापोलीतल्या महार पेन्शनरांनी मुलांच्या शाळाप्रवेशासाठी अर्ज केले ते याच धडकेतून. रामजी सुभेदार पन्नास रुपये पेन्शनवर इथे आले तेव्हा भीमराव दोन-अडीच वर्षांचे होते. कुटुंब थोडा काळ दापोलीत राहिलं आणि पुढे साताऱ्याला गेलं. तिथे १८९६ च्या सुमारास भीमाबाई वारल्या. रामजींची बहीण मीराबाई, पाठीला बाक असलेली, तिने पोरांना सांभाळलं. पेन्शनरांच्या घरांत अशी एक आत्या किंवा मावशी जवळजवळ नेहमी निघते, आणि ती वंशावळीत नसते. तिचं नाव वेगळ्या रकान्यात लिहून ठेवावं. पुढच्या दोन पिढ्यांच्या आठवणी तिच्याकडून आलेल्या असतात.

त्याच सुमारास फौजेचं दार बंद झालं. १८९२-९३ मध्ये महारांची भरती थांबली. गोपाळबाबांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिले आणि रामजींनी अशाच अर्जासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली. वंशावळीवर ही तारीख लाल शाईने लिहावी. १८७५ च्या आसपास जन्मलेला मुलगा बापाच्या पलटणीत न जाता मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत सापडतो, याचं कारण हेच. तो फौजेत सापडत नाही म्हणून बापाचीच हकिगत खोटी ठरवणारे लोक भेटतात. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली ती १९१७ मध्ये, आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. महार रेजिमेंट १९४१ ची. मधल्या पिढीच्या घरात फक्त आठवणी होत्या.

दुपारी वणंद. दापोलीजवळचं हे बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाईंचं माहेर, त्यांचंही स्मारक गावात आहे. इथे पेन्शनरच्या घराच्या शेजारी दुसरं एक कोकण दिसतं. रमाबाईंचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईबाप लवकर गेले आणि मुलं मामा-काकांबरोबर मुंबईला गेली. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री, सुभेदारांच्या मुलाशी रमाबाईंचं लग्न लागलं. सुभेदाराने सून केली ती हमालाच्या घरची, गावाकडची. आदल्या पिढीत सुभेदाराची सोयरीक सुभेदाराशी होती. भरतीबंदीनंतर पेन्शनरांच्या घरांच्या सोयरिकी अशा पसरत गेल्या, आणि म्हणून १८९० नंतरच्या लग्नांत पलटणीचा धागा विरत जातो. तिथून पुढे गावाचा धागा धरायचा.

चौथा दिवस, गुरुवार: हर्णै, दाभोळ

हर्णै पंधरा-सोळा किलोमीटर. समोर सुवर्णदुर्ग, जो १७५५ मध्ये इंग्रजांनी समुद्रावरून मारा करून घेतला. शिपाई रजेवर यायचा तो याच किनाऱ्याने. मुंबईहून आगबोट यायची, ती खोल पाण्यात थांबायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला लागायची. पावसाळ्यात आगबोटी बंद. म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये बाप वारल्याची बातमी पलटणीत पोचली, तरी मुलगा घाटावरून पायीच येऊ शकत होता आणि बहुधा दिवसकार्यालाही पोचत नव्हता. मृत्यूची नोंद पावसाळ्यातली असेल आणि वारसफेरफार पुढच्या हिवाळ्यातला, तर त्या फरकाला हे एक कारण असू शकतं.

हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी असतो, तेव्हा सकाळी किनारा पाहून दाभोळकडे निघावं. दापोलीवरून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, शेवटचा उतार वळणांचा. बंदराच्या धक्क्यावर वाशिष्ठीची खाडी समोर येते आणि पलीकडे धोपावे. फेरीबोट चालू असते, गाडीही चढते. ओहोटीच्या वेळी धक्का आणि बोट यांच्यात उतार जास्त पडतो, तेव्हा खालच्या बुडाची गाडी तिरकी न घेता सरळ घ्यावी.

भिकू धुत्र्यांच्या टोपल्या याच काठाने वर गेल्या. ओल्या मासळीची भरलेली टोपली डोक्यावर घेऊन काठ चढताना मानेवरून पाणी गळत राहतं, आणि खाऱ्या पाण्याने कातडी सोलवटते. आजही वाहणाऱ्या बाया डोक्यावर चुंबळीखाली प्लॅस्टिक घालतात ते त्यासाठीच.

परतीला दाभोळच्या ग्रामपंचायतीत एक शेवटचं काम उरतं. पेन्शनरच्या सुनेचं किंवा बायकोचं माहेर बंदरपट्टीत असेल, तर तिच्या बापाची मृत्यूनोंद इथल्या किंवा दापोलीच्या दप्तरात पाहावी. अर्जात तिचं सासरचं नाव लिहू नये. माहेरचं नाव, बापाचं नाव आणि वाडी लिहावी. नक्कल टपालाने मागवता आली तर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत द्यावं. अन्यथा दाखला तयार होऊन टेबलावर पडून राहतो आणि पुढच्या फेरीपर्यंत तो कुणी दिला, कुणाला दिला, हे सांगणारा माणूस बदललेला असतो.